उणे साडेसहा

चष्मा काढला की माझं जग पंधरा सेंटिमीटरवर संपायचं. हा अलंकार नाही, हिशेब आहे. शंभर भागिले साडेसहा. उणे साडेसहा नंबरच्या उघड्या डोळ्याला जेवढ्या अंतरापर्यंत स्वच्छ दिसतं, ते अंतर वीतभरही भरत नाही. त्यापलीकडे नुसती रंगीत वाफ. नवरा, फ्रीज आणि खुंटीवरचा रेनकोट यांतला फरक मी हालचालीवरून ओळखत असे. रविवारी त्याचाही उपयोग होत नसे.

चष्मा लागला चौथीत. तोपर्यंत बाई फळ्याकडे तोंड करून नुसताच हात का हलवतात, हे मला कोडं होतं. बाकीची मुलं हात हलला की वहीत काहीतरी उतरवायची, म्हणून मी शेजारणीच्या वहीतलं उतरवायची, तिच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसकट. चष्मा आल्यावर चुका माझ्या स्वतःच्या झाल्या आणि वर्गानं माझं बारसं केलं: ढापणी. दहावीपर्यंत हजेरीपटाबाहेर मला दुसरं नाव नव्हतं. काचा दर जूनमध्ये वह्या-पुस्तकांबरोबर बदलायच्या आणि दर वेळी थोड्या जाड व्हायच्या. उणे नंबरच्या भिंगातून डोळे आहेत त्यापेक्षा बारीक दिसतात. माझे मुळातच बारीक. आमच्या सहलीच्या फोटोत माझ्या चेहऱ्यावर दोन काचा आहेत आणि काचांच्या मागे कुणी राहत असल्याचा पुरावा नाही.

पुढे पाहण्याचे कार्यक्रम सुरू झाले. आईनं बजावलं, "पोहे देऊन होईपर्यंत चष्मा काढून ठेव." मी पावलं मोजत, ट्रे सांभाळत बाहेर आले. सोफ्यावर तीन आकृत्या होत्या. मधली निळ्या शर्टातली आकृती मला बरी वाटली. कडा जरा अस्पष्ट होत्या, पण एकंदर ठेवण चांगली होती. तिकडूनही होकार आला. साखरपुड्याला तो चष्मा लावून आला तेव्हा उलगडा झाला. त्याच्याही आईनं त्याला तेच बजावलं होतं. त्याचा नंबर उणे साडेतीन. म्हणजे आठ फुटांवरून आम्ही दोघांनी एकमेकांना रीतसर पसंत केलं, ते कुणी कुणाला न बघता. गेली इतकी वर्षं बरं चाललंय, त्याअर्थी पाहण्याच्या कार्यक्रमात पाहण्याला फारसं महत्त्व नसावं.

लग्नानंतर मी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. लेन्स लावणाऱ्या बाईनं ठेचा कुटू नये, असं त्या डबीवर कुठंही छापलेलं नसतं. मी ठेचा कुटला, साबणानं दोनदा हात धुतले, आणि रात्री लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं. मिरची साबणाला भीत नाही. एक डोळा मिटून मी नाचत होते आणि दुसऱ्या डोळ्यातली लेन्स काढायचीच राहिली होती. ती काढायला बोटं तीच. दुसऱ्या वेळी सासरच्या गावी, चिपळूणजवळ, लेन्सची डबी डोंबिवलीला विसरले. म्हणून एका वाटीत लेन्सचं औषध ओतून त्यात लेन्स ठेवल्या आणि वाटी खिडकीत. (हे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचू नये.) सासूबाई पहाटे उठल्या, वाटीत पाणी दिसलं, वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी ते तुळशीला घातलं. उरलेली सुट्टी मी घरात भिंतीला धरून काढली. तुळस मात्र त्या पावसाळ्यात फार जोमानं वाढली. तिला नीट दिसू लागलं असावं.

मग तो गॉगलचा दिवस आला. सकाळच्या लोकलमध्ये ठाण्याला जी मुसंडी आली, तीत कुणाच्या तरी पर्सचा पट्टा माझ्या चष्म्यात अडकला. चष्मा दारातून निघाला, फलाटावर एकदा उडाला आणि फटीतून रुळांवर गेला. पर्समध्ये एकच पर्याय होता: गोव्याला जाताना हौसेनं करून घेतलेला नंबरचा काळा गॉगल. तो लावून मी फोर्टमधल्या आमच्या बँकेच्या शाखेत जाऊन बसले.

"डोळे आले?" शिपायानं दारातच विचारलं.

"नाही, नंबरचा आहे."

"काळजी घ्या," असं म्हणून त्यानं चहा दुसऱ्या टेबलावर ठेवला.

शहरात तेव्हा खरोखरच डोळ्यांची साथ होती. मी प्रत्येकाला समजावत होते आणि प्रत्येक जण माझ्या डोळ्यांकडे न बघता मान डोलवत होता. माझ्यासमोरची रांग हळूहळू शेजारच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. एका पेन्शनर आजोबांनी पासबुक टेबलावर ठेवून छत्रीच्या टोकानं माझ्याकडे सरकवलं. दुपारी मॅनेजरनी फोन करून (त्यांची केबिन माझ्यापासून दहा पावलांवर आहे) सांगितलं की मी घरी जावं, रजेचा अर्ज ते स्वतः भरतील. आयुष्यात प्रथमच न मागता रजा मिळाली आणि ती मी लेझरचे दर शोधण्यात घालवली.

निर्णय जाहीर केल्यावर घरातून विरोध झाला नाही, उपाय आले. आत्यानं सांगितलं, सकाळी उठल्याबरोबर चूळ न भरता तोंडातली लाळ डोळ्यांना लावायची. काकांनी दवात अनवाणी चालायला सांगितलं. डोंबिवलीत दव पडत असेल तर ते कशावर पडतं हे मला अजून सापडलेलं नाही. त्रिफळ्याचं पाणी, मेणबत्तीसमोर त्राटक, आणि अर्थातच गाजर. माझा डोळा समोरून मागे दोनेक मिलिमीटर जास्त लांब आहे, त्यामुळे प्रतिमा पडद्यावर पडायच्या ऐवजी अलीकडेच पडते, आणि गाजर खाऊन डोळ्याची लांबी कमी होत नाही, हे मी समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "खाऊन तर बघ."

ज्या केंद्रात गेले तिथं आधी डॉक्टर भेटत नाहीत, एक गोड मुलगी भेटते. तिच्याकडे प्लॅस्टिकमध्ये मढवलेला तक्ता होता. सर्वात खालच्या ओळीत ब्लेडनं करायची शस्त्रक्रिया, त्यावर ब्लेडविना, त्यावर नुसत्या बारीक चिरेतून. "मॅडम, खालचंही सेफ आहे," ती म्हणाली आणि 'ही'वर क्षणभर थांबली. ही थांबण्याची युक्ती मला चांगली माहीत आहे. लॉकर मागायला आलेल्या माणसाला मी स्वतः अशीच थांबून थांबून विमा विकते. सगळं ओळखूनही मी मधल्या ओळीवर बोट ठेवलं. आमचेही ग्राहक मधलंच घेतात.

पैशांचा आकडा ऐकून मी आरोग्य विम्याचं नाव काढलं. मुलगी आणखी गोड झाली. साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर नंबर घालवण्याच्या उपचाराचे पैसे विम्यात मिळत नाहीत. हे कलम बहुतेक पॉलिस्यांत असतं. मी अशा किती पॉलिस्या विकल्यात, पण ग्राहकांप्रमाणे मीही शेवटची पानं वाचलेली नव्हती. लहानपणापासून दर तपासणीला नंबर वाढला म्हणून रडले, आणि नेमका पैसे मिळवायच्या वेळी एका नंबरानं नापास.

तपासण्या एका सकाळीत उरकतील असं वाटलं होतं. लेन्सनी बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून आधी आठवडा-दोन आठवडे लेन्स बंद. मग डोळ्यांचे नकाशे काढणारं यंत्र, ज्यात बुबुळ लाल-पिवळ्या-हिरव्या टेकड्यांचं दिसतं. मग अश्रूंची परीक्षा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि ओल किती मिलिमीटर उतरली ते मोजतात. डोळा मुळात कोरडा असेल तर लेझरनंतर आणखी कोरडा पडतो. मी निर्धास्त होते. मालिकेतल्या अनोळखी मुलीची पाठवणी बघून मी पदर भिजवते. पट्टी जेमतेम दहाच्या पुढं गेली. "मग माहेरून निघताना दर वेळी ते काय असतं?" नवऱ्यानं विचारलं.

शेवटी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले आणि त्यानंतर संमतीपत्र हातात दिलं. चष्म्यातून अक्षर लागेना. मी चष्मा काढला, कागद नाकाशी धरला आणि धोक्यांची सगळी यादी खडाखडा वाचून काढली. जवळचं वाचायला मला जन्मात कधी कुणाची मदत लागली नव्हती, हे मी त्या मुलीला जरा फुशारकीनंच सांगितलं.

डॉक्टर बोलले ते मात्र मला पटकन समजलं, कारण ते खात्याच्या भाषेत बोलले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मधोमध अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. माझी शिल्लक ५३० मायक्रॉन. त्यातला ११० मायक्रॉनचा पापुद्रा, ज्याला ते फ्लॅप म्हणतात, तो उचलायचा. खालून लेझरनं एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन काढायचे, म्हणजे माझे शंभराच्या घरात. उरले ३२०. किमान २५० राहायलाच हवेत, नाहीतर पडदा कमजोर होऊन फुगू शकतो. "मिनिमम बॅलन्स," मी म्हणाले. डॉक्टरांना शब्द आवडला. मग ते म्हणाले, "तुमचं वय एकोणचाळीस. चाळिशीनंतर डोळ्यातलं नैसर्गिक भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं. त्याला हे लेझर काही करत नाही. हवं तर एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवता येईल."

एका डोळ्यानं फलाट आणि दुसऱ्यानं तिकीट बघायचं ही कल्पना मला पसंत पडेना. "दोन्ही लांबचे करा," मी सांगितलं. चाळिशी ही इतर बायकांना येते असा माझा तेव्हा समज होता.

आदल्या रात्री नवऱ्यानं मला धीर द्यायला या शास्त्राचा इतिहास सांगितला. त्याला धीर देता येत नाही, माहिती देता येते. कोलंबियातल्या बोगोटा शहरात होसे बॅरेकेर नावाचे डॉक्टर पूर्वी रुग्णाचा कॉर्नियाचा पापुद्रा कापून बाहेर काढत, गोठवत, लेथवर तासत आणि परत शिवून टाकत. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी सरकता पट्टाच बसवला होता. रुग्ण झोपून पुढं पुढं सरकायचे आणि प्रत्येक सर्जन आपापला एकच टप्पा उरकायचा. "आणि हे लेझर," तो म्हणाला, "१९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपल्या मद्रास विद्यापीठात शिकलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी पहिल्यांदा मांसावर चालवलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की त्यांनी घरून नेली होती. १९३ नॅनोमीटरचं अतिनील लेझर. आजूबाजूला न जाळता रेषा कापली."

सासूबाई वाती वळत ऐकत होत्या. त्यांनी हात थांबवला. "टर्की म्हणजे कोंबडीच ना? अगं, मग चातुर्मासात चालेल का ते?"

श्रीनिवासन हे नाव ऐकून त्यांचं शेवटी समाधान झालं. सकाळी निघताना त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. केंद्रात नर्सनं तो पिवळ्या औषधानं पुसून काढला आणि हुंगून विचारलं, "परफ्यूम मारलंय?" परफ्यूमची वाफ लेझरला चालत नाही, हे सूचनापत्रकात ठळक छापलं होतं. लग्नाला निघाल्यासारखी सवयीनं फवारून आले होते. मला मान-मनगटं साबणानं घासायला लावली, आणि हिरव्या झग्यात, टोपीत, ओल्या बाह्यांनी मी टेबलावर आडवी झाले.

शस्त्रक्रिया दुखत नाही, हे खरं आहे. थेंबांनी डोळा बधिर होतो. फक्त तो मिटता येऊ नये म्हणून पापण्यांना तारेचा चिमटा लावतात, आणि डोळा मिटता न येणं म्हणजे काय हे तोपर्यंत मला माहीत नव्हतं. मग डोळ्यावर एक कडं दाबून बसवतात. दाब वाढतो, आणि समोरचं सगळं जातं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, काही सेकंद अंधार होईल. सांगितलेला अंधारही अंधारच असतो. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारल्या, गोंधळात गाजरालाही.

"आता पापुद्रा उचलतोय. हिरव्या दिव्याकडे बघत राहा."

पोपटाचा डोळा अर्जुनाला निदान एक तरी दिसत होता. मला हिरवे दिवे एका जागी पाच-सहा दिसायला लागले आणि ते एकमेकांत पोहत होते. त्यातला कुठला? विचारावं तर बोलायचं नाही.

"मान अजिबात हलवायची नाही, कळलं ना?"

मी मान हलवून होकार दिला.

यंत्राची टकटक थांबली. खोलीत शांतता पसरली. डोळ्याच्या हालचालीवर नजर ठेवणारी यंत्रणा लेझरमध्येच असते. डोळा जागेवरून फार हलला की ते आपोआप थांबतं. माझ्यासारख्यांसाठीच ती बसवली असणार. वीस वर्षं काउंटरवर ग्राहकाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावल्याचा हा परिणाम. डॉक्टरांनी माझं डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं आणि उरलेल्या वेळात मला एकही प्रश्न विचारला नाही. टकटक पुन्हा सुरू झाली. केस जळल्याचा वास आला. नंतर कळलं, तो माझाच होता, म्हणजे वाफ झालेल्या माझ्या मायक्रॉनांचा. "पन्नास टक्के... ऐंशी... झालं." एवढ्या वर्षांचा चष्मा, आणि लोकलला कोपर ते दिवा यायला लागतो त्याहून कमी वेळात मामला खलास. मला थोडा अपमानच वाटला.

घरी येईपर्यंत बधिरपणा उतरला आणि डोळ्यांनी ठेच्याच्या रात्रीची आठवण काढली. चार-पाच तास पाणी वाहत होतं. ती अश्रूंची पट्टी तेव्हा लावायला हवी होती. झोपून उठले तेव्हा समोरच्या इमारतीवरच्या टाक्यांची नावं वाचता येत होती. मी ती सगळी मोठ्यानं वाचली. कुणीच कौतुक केलं नाही, कारण घरातल्या इतरांना ती पूर्वीपासून दिसत होती.

डोळ्यात पाणी, साबण, धूर जाऊ द्यायचा नाही, चोळायचे नाहीत, डोक्यावरून अंघोळ नाही, रात्री प्लॅस्टिकच्या झापडी चिकटवून झोपायचं. यातल्या धुराचा अर्थ मी फोडणी असा लावला आणि तो कुणाला तपासू दिला नाही. नवऱ्यानं पिठलं शिकून घेतलं. थेंबही तोच घालायचा. पहिले काही माझ्या कानात गेले. बँकेत हजर झाले तेव्हा डोळ्यांवर काळा गॉगल होता. शिपायानं दारातच विचारलं, "परत आले?"

खरी निराशा गॉगल उतरल्यावर झाली. मला वाटलं होतं, चष्म्याआड इतकी वर्षं लपलेलं सौंदर्य पाहून शाखेत खळबळ माजेल. पहिल्या दिवशी तिघींनी विचारलं, "बरं नाही का?" एकीनं रात्री झोप लागते का विचारलं. चष्म्याच्या जाड फ्रेमनं डोळ्यांखालची काळी वर्तुळं झाकली होती, हे मला कधी उमगलं नव्हतं. पेन्शनर आजोबा माझ्यासमोर बसून म्हणाले, "इथं त्या चष्मेवाल्या मॅडम होत्या, त्या कुठं गेल्या? फार मन लावून ऐकायच्या." रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची, तेवढी मात्र मला आवडली. देवांना प्रभावळ असते, माझ्या कर्जत लोकललाही होती. काही महिन्यांनी ती विझली आणि लोकल पुन्हा साधी झाली.

मग चाळिशी आली. ती थेट माझ्याकडेच आली. आधी गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख गेली, मग सुईचं भोक, मग संमतीपत्रासारखी बारीक अक्षरं. फोन लांब धरत धरत हात पुरेनासा झाला. ज्या दुकानात चौथीपासून काचा बदलल्या तिथंच गेले, काका म्हणाले, "या! मला वाटलं तुम्ही गाव सोडलंत." अधिक सव्वा. पण चष्मा जवळ बाळगायची सवय लेझरबरोबर गेली असल्यामुळे तो नेहमी घरी राहतो.

नवरा पंचेचाळीसचा झाला. त्याला वाचायचा चष्मा लागलेला नाही, लागणारही नाही. उणे साडेतीन नंबरवाल्याला जवळचं वाचायला फक्त चष्मा काढावा लागतो. हॉटेलात बसलं की तो चष्मा कपाळावर चढवतो, मंद दिव्यात मेन्यूकार्ड आरामात हातभर अंतराच्या आत धरतो आणि मला वाचून दाखवतो. मी एका कोपऱ्यातून भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटासुद्धा बघू शकते, पण कार्डासाठी त्याच्यावर अवलंबून आहे. पनीर वाचतो, व्हेज कोल्हापुरी वाचतो, भरली वांगी वाचतो. गेल्या दोनेक वर्षांत आम्ही गेलो त्या एकाही हॉटेलात मश्रूमची भाजी नव्हती. मला मश्रूम फार आवडतात, त्याला वासही सहन होत नाही. एकदा तो हात धुवायला गेला की वेटरला विचारणार आहे.